हत्ती घेतला नसता तर

फोनवर बुद्धिबळाचा कुठलाही डाव उघडा, पटाच्या कडेला एक उभी पट्टी दिसते. अर्धी पांढरी, अर्धी काळी. पांढऱ्याची बाजू भक्कम झाली की पांढरा रंग चढतो, काळ्याची झाली की काळा. ही पट्टी म्हणजे इंजिनचं मत. इंजिन आता जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगलं खेळतं, त्यामुळे ते मत म्हणजे जवळजवळ निकालच.

गॅरी कास्पारोव्ह विरुद्ध वेसेलिन टोपालोव्ह, वाइक आन झे, २० जानेवारी १९९९. हा डाव मी बऱ्याचदा पाहिला होता. यूट्यूबवर या डावावरचे व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि चोविसाव्या खेळीला समालोचकाचा आवाज कसा चढतो हेही मला पाठ झालं होतं. 'कास्पारोव्हचा अमर डाव' असं त्याला म्हणतात. आजवरच्या सर्वोत्तम डावांच्या याद्यांमध्ये तो हटकून असतो. एकदा मी तो पट्टी चालू ठेवून पाहिला. चोविसावी खेळी आली. कास्पारोव्हने आपला हत्ती उचलला आणि सरळ प्याद्याच्या तोंडी दिला. मी पट्टीकडे बघत बसलो. पट्टी चढलीच नाही. ती बरोबरीच्या आसपासच राहिली, म्हणजे जगप्रसिद्ध बलिदानाला इंजिनने साधी मानही डोलावली नाही.

मग काळ्याची खेळी आली. टोपालोव्हने हत्ती घेतला, आणि पट्टी भसकन पांढरी झाली.

माझी पहिली प्रतिक्रिया फसवणूक झाल्याची होती. इतकी वर्षं आपण ज्याला टाळ्या दिल्या तो क्षण मुळात निर्णायक नव्हताच. निर्णायक होती ती समोरच्याची चूक. दुसरी प्रतिक्रिया यायला जरा वेळ लागला, आणि हा लेख त्या दुसऱ्या प्रतिक्रियेबद्दल आहे.

आधी जागा सांगतो. वाइक आन झे हे नेदरलँड्समधलं उत्तर समुद्राच्या काठचं छोटं गाव. शेजारी पोलादाचा अवाढव्य कारखाना. त्या कारखान्याच्या आश्रयाने १९३८ पासून ही स्पर्धा चालत आली आहे, आधी बेव्हरवाइकला आणि १९६८ पासून या गावात. जानेवारीची थंडी, करडं आभाळ, जग्गजेत्यांच्या सोबत त्याच सभागृहात खेळणारे शेकडो हौशी खेळाडू, आणि समारोपाच्या जेवणात वाटाण्याचं घट्ट सूप. १९९९ मध्ये स्पर्धेचं नाव 'होगोव्हेन्स' होतं. कारखान्याचे मालक बदलले तशी तिची नावंही बदलली. मधे ती 'कोरस' झाली आणि २०११ पासून 'टाटा स्टील'. म्हणजे आपल्याकडचे लोक जिला हल्ली टाटा स्टील म्हणून ओळखतात, तीच ही स्पर्धा.

कास्पारोव्ह तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि जागतिक क्रमवारीत पहिला. पण दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीच, मे १९९७ मध्ये, न्यूयॉर्कला तो डीप ब्लू या संगणकाकडून हरला होता. माणूस यंत्रापुढे हरल्याचे मथळे त्याच्याच नावाने छापले गेले होते. टोपालोव्ह बल्गेरियाचा, २३ वर्षांचा, आक्रमक. कास्पारोव्हला त्याने त्याआधी हरवलंही होतं. पुढे २००५ मध्ये अर्जेंटिनातल्या सान लुइसला तो फिडेचा जगज्जेता झाला. हे सांगायचं कारण असं की या डावाच्या लोकप्रिय कथेत टोपालोव्ह हा जणू कुणीतरी बिचारा असतो. तो बिचारा नव्हता.

सुरुवातीच्या खेळींवर मी फार थांबणार नाही. कास्पारोव्हने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, टोपालोव्हने पिर्क बचाव निवडला, जो या पातळीवर तसा कमीच दिसतो. दोघांनीही वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. ही गोष्ट मात्र लक्षात ठेवा. राजाची शिकार असलेल्या बहुतेक गाजलेल्या डावांत दोन राजे पटाच्या दोन विरुद्ध टोकांना असतात. मग प्रत्येकाला समोरच्या राजावर बिनधास्त प्यादी सोडता येतात, कारण स्वतःचा राजा लांब असतो. इथे दोन्ही राजे एकाच बाजूला, समोरासमोर. काळ्या राजाचं दार फोडायचं तर पांढऱ्याला आपल्याच राजापुढची प्यादी उघडावी लागणार.

तेविसाव्या खेळीनंतर पट असा आहे: दोघांकडे वजीर, दोन-दोन हत्ती, एक-एक उंट, एक-एक घोडा आणि सात-सात प्यादी. काटा बरोबर मधे. पांढऱ्याचा घोडा ए५ या घरावर काळ्या राजाच्या अगदी दाराशी जाऊन बसलाय. (ज्यांना खुणा माहीत नाहीत त्यांच्यासाठी: पटाच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच अशी नावं, आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८ आकडे. पांढऱ्याचा राजा ई१ वरून निघतो, काळ्याचा ई८ वरून.) काळ्याचा वजीर नुकताच डी६ वर आलाय आणि पांढऱ्या वजिराला अदलाबदलीचं आव्हान देतोय. वजीर गेले की डावातली हवा गेली. दोघांनी आणखी वीस-तीस खेळ्या करून हात मिळवले असते.

इथे कास्पारोव्ह डी४ वरचं प्यादं हत्तीने मारतो. सी५ वरचं काळं प्यादं हा हत्ती फुकटात घेऊ शकतं.

पट्टी ज्याला मान डोलावत नाही ती ही खेळी. पट्टीचं म्हणणं काय आहे ते नीट समजून घेतलं पाहिजे. ती म्हणते, काळ्याने हत्ती घेऊच नये. राजा ए७ वरून बी६ वर आणावा, घोड्याला दटावावं. मग घोडा मागे बी३ ला जातो, काळा उंटाने डी५ चं प्यादं मारतो, वजीर अदलाबदल होतात, आणि सामना समसमान. हे बरोबर आहे. डावानंतरच्या विश्लेषणातही हेच पुढे आलं. तेव्हा 'इंजिनला काय कळतं, हा तर प्रतिभेचा खेळ' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. इंजिनला सगळं कळतं. फक्त त्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

पट्टी असं समजते की खेळी म्हणजे पटावरच्या स्थितीला दिलेलं उत्तर. बरोबर उत्तराला गुण, चुकीला वजा. उत्तरपत्रिका तपासावी तसा डाव तपासायचा. पण कास्पारोव्हची ही खेळी स्थितीला दिलेलं उत्तर नाहीच. ती टोपालोव्हला विचारलेला प्रश्न आहे. आपल्याकडे तमाशात सवाल-जवाब असतात. एका फडाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याची उकल करायची. सवाल चांगला की वाईट हे नुसत्या सवालाकडे बघून ठरत नाही. समोरचा किती तोलामोलाचा आहे, उकल किती खोल लपलेली आहे, आणि ज्या वाटेने जावंसं वाटतं ती वाट किती खरी वाटते, यावर ते ठरतं. हत्ती फुकट आहे. तो घेतल्यावर पांढऱ्याकडे काय आहे? दोन-तीन शह. त्या शहांना काळ्याचा राजा उत्तर देऊ शकतो असं अगदी प्रामाणिकपणे वाटतं. बी६ वर येणं हे बरोबर उत्तर, पण ते देण्यासाठी समोर पडलेला हत्ती नाकारावा लागतो, आणि आपण समोरच्याला घाबरलो हे स्वतःशी कबूल करावं लागतं.

मी क्लबच्या पातळीवरचा खेळाडू. माझ्यावर कुणी असा हत्ती फेकला तर मी तो घेतो. न घेण्यासाठी जे धैर्य लागतं त्याला आपण धैर्य म्हणत नाही, त्याला 'भिऊन खेळला' म्हणतो. टोपालोव्हच्या मनात नेमकं काय होतं याचा दावा मी करणार नाही. पण त्याचा स्वभाव त्याच्या डावांत दिसतो, आणि त्या स्वभावाचा माणूस हत्ती घेतो.

त्याने सी५ च्या प्याद्याने हत्ती मारला.

पुढची खेळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी फोन हातातून खाली ठेवला होता. कास्पारोव्ह दुसरा हत्तीही ई७ वर फेकतो, शह देत. तो काळ्या वजिराने मारला तर पांढरा वजीर डी४ वरून शह देतो, मग बी६ वरून, मग घोडा सी६ वर, आणि ए७ वर मात. म्हणजे तो हत्ती घेता येत नाही. राजाला बी६ वर यावं लागतं, तेच घर जिथे तो एक खेळी आधी स्वखुशीने येऊ शकला असता. या एका घराच्या दोन भेटींत सगळा डाव आहे. आधी आला असता तर बरोबरी होती, आता ओढून आणला तर मरण.

मग तो प्रवास सुरू होतो. बी६ वरून राजा ए५ वरचा घोडा खातो. पांढरा बी-प्यादं पुढे ढकलून शह देतो, आपल्याच राजापुढची भिंत पाडून. राजा ए४ वर. इथे कास्पारोव्ह शह देत नाही, नुसता वजीर सी३ वर आणून ठेवतो आणि बी३ वरच्या मातेची धमकी देतो. काळा डी५ चं प्यादं वजिराने मारून बी३ राखतो. मग पांढरा हत्ती ए७ वर, काळ्याचा उंट बी७ वर, हत्ती तो उंट खातो, काळ्याचा वजीर सी४ वर. पांढरा वजीर एफ६ चा घोडा खातो. आणि काळा राजा ए३ चं प्यादं खाऊन आणखी पुढे येतो.

ए३ वरच्या या राजाला सगळेजण पळणारा राजा म्हणतात. नीट बघा, तो पळत नाहीये. तो ए३ वर येताच काळा मातेची धमकी देतो: हत्ती डी१ वर आला की पांढरा राजा जागच्या जागी मेला, कारण ए२ आणि बी२ ही त्याची पळायची घरं काळ्या राजानेच रोखली आहेत. म्हणजे टोपालोव्हने आपला राजा सैनिकासारखा वापरलाय. ज्याची शिकार चालली आहे तोच शिकाऱ्याच्या तंबूत शिरलाय. व्हिडिओंमध्ये हे सांगितलं जात नाही, कारण मग गोष्ट एकट्या नायकाची राहत नाही.

कास्पारोव्हला आता एकही खेळी वाया घालवून चालणार नाही. वजीर ए६ वर शह, राजा बी४ चं प्यादं खातो. सी-प्यादं पुढे, शह, राजा तेही खातो, सी३ वर. दोन राजांच्या मधे आता एकाच घराचं अंतर आहे. वजीर ए१ वर शह, राजा डी२. वजीर बी२ वर शह, राजा डी१. काळा राजा पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत येऊन उभा राहिलाय, आणि शह संपले.

छत्तिसाव्या खेळीला कास्पारोव्ह आपला उंट एच३ वरून मागे घेतो. एफ१ वर. हा उंट डावाच्या सुरुवातीला याच एफ१ वर उभा होता, एकोणिसाव्या खेळीला तो तिथून निघाला होता. आता घरी परत आलाय. ना शह, ना मारामारी, नुसती माघार. पण काळ्या वजिराने तो उंट खाल्ला तर पांढरा वजीर सी२ वर शह देतो आणि पुढच्या दोन खेळ्यांत मात होते. न खाल्ला तर उंट वजिराला खातो. टोपालोव्ह हत्ती डी२ वर आणून वजिरावर रोखतो, आणि मग कास्पारोव्ह आणखी एकदा हत्ती देतो, डी७ वर. हा हत्ती काळ्या हत्तीला राजाशी बांधून टाकतो. तो घेतला की वजीर गेला. चव्वेचाळिसाव्या खेळीनंतर टोपालोव्हने डाव सोडला.

डाव सुटला तेव्हा काळा राजा ई१ वर होता. पांढऱ्या राजाच्या मूळ घरात! मराठीत पटावरच्या चौकोनाला 'घर' म्हणतात ते इथे जरा जास्तच लागू पडतं.

आता चुका. पट्टी चालू ठेवून हा डाव पाहणाऱ्याला त्या दिसणारच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. अठ्ठाविसाव्या खेळीला वजीर सी३ वर आणण्यापेक्षा हत्ती लगेच ए७ वर नेला असता तर विजय जास्त सोपा होता. म्हणजे अमर डावात नायकाचीही खेळी चुकली आहे. एकतिसाव्या खेळीला काळ्याने राजाने प्यादं खाण्याऐवजी आधी हत्तीने डी१ वर शह दिला असता तर वजिरांची अदलाबदल होऊन डाव अंतिम टप्प्यात गेला असता. पांढरा तरीही वरचढ राहिला असता, पण राजा पहिल्या ओळीपर्यंत गेला नसता आणि एफ१ वरची ती माघार जन्मालाच आली नसती. टोपालोव्ह दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा चूक करून त्याने डाव अधिक सुंदर केला.

हे वाक्य लिहिताना मी थबकलो, कारण ते पराभूताला दिलेल्या सांत्वनासारखं वाटतं. पण बुद्धिबळातल्या सौंदर्याचा इतिहास पाहिला तर ते नुसतं सांत्वन नाही. १८५१ मध्ये लंडनला पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू असताना अडॉल्फ अँडरसन आणि लिओनेल कीझेरिट्झ्की यांनी स्पर्धेबाहेर सहज एक डाव खेळला. अँडरसनने दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली. 'अमर डाव' हे नाव मूळचं त्या डावाचं, काही वर्षांनी दिलेलं. त्यातही चुका आहेत, आजची इंजिनं त्या दाखवतात. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. तो डाव जगापुढे आणला कुणी? हरलेल्या कीझेरिट्झ्कीने. त्याने आपल्याच हाराची नोंद आपल्या 'ला रेजांस' या नियतकालिकात छापली. त्याला ठाऊक होतं की या डावात आपलाही हात आहे.

कास्पारोव्हही नंतर अशाच अर्थाचं बोलला होता: असा डाव व्हायला दोघं लागतात. जिंकणाऱ्याने हे म्हणणं सोपं असतं हे मान्य. तरी ते खरं आहे.

कुस्तीची भाषा वापरून सांगायचं तर बी६ वरचा राजा म्हणजे बरोबरीत सोडवलेली कुस्ती. नियमाने योग्य, गुणपत्रिकेवर अर्धा गुण. टोपालोव्हने कुस्ती निकाली होऊ दिली. (आपल्याकडे 'डाव' हा शब्द कुस्तीतल्या एका पकडीलाही आहे आणि बुद्धिबळातल्या अख्ख्या खेळालाही. दोन्हीकडे समोर माणूस लागतोच.) गंमत म्हणजे तो अर्धा गुण लहान नव्हता. त्या वर्षी कास्पारोव्ह १३ पैकी १० गुणांनी पहिला आला आणि विश्वनाथन आनंद साडेनऊ गुणांनी दुसरा. बाकी सगळं तसंच राहिलं असतं आणि हा एकच डाव बरोबरीत सुटला असता, तर दोघे सारख्या गुणांवर आले असते.

आनंदचं नाव निघालंच आहे तर एक विरोधी उदाहरणही घेतलं पाहिजे, नाहीतर मी चुकांचीच भलामण करतोय असं वाटेल. चौदा वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, त्याच गावात, तोवर टाटा स्टील झालेल्या त्याच स्पर्धेत आनंदने काळ्या मोहऱ्यांनी लेव्हॉन अरोनियनला तेवीस खेळ्यांत हरवलं. तोही सौंदर्याने थक्क करणारा डाव आहे. आनंदचे दोन उंट आणि घोडे पांढऱ्या राजावर असे रोखलेले की १९०७ मध्ये लोड्झला रुबिनस्टाइनने रोटलेवीविरुद्ध खेळलेला डाव कुणालाही आठवावा. पण या डावामागे घरच्या तयारीचा मोठा वाटा होता, आणि घरच्या तयारीत इंजिन सोबत असतं. हा डाव पट्टी चालू ठेवून पाहिला तर पट्टी आनंदच्या बाजूने शांतपणे मान हलवत राहते. कुठे दचकत नाही.

मला हा डाव आवडतो. पण तो वाचताना मी वेगळ्या जागी उभा असतो. आनंद-अरोनियन डावात मला एका माणसाचं ज्ञान दिसतं: काय खेळायचं हे त्याला आधीच ठाऊक आहे आणि तो ते सफाईने पटावर मांडतोय. अरोनियन तिथे जवळजवळ प्रेक्षक आहे. त्याच्या चुका डाव संपवतात, घडवत नाहीत. कास्पारोव्ह-टोपालोव्ह डावात दोन माणसं एकाच वेळी अंधारात आहेत. कास्पारोव्हने हत्ती देताना पार डी७ वरच्या शेवटच्या हत्तीपर्यंतचं चित्र पाहिलं होतं असं तो सांगतो, आणि मला त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. पण ते चित्र खरं होण्यासाठी समोरच्याने तेरा वेळा नेमकं तेच खेळायला हवं होतं. आपण मनात पाहिलेली वाट समोरच्या माणसाने स्वतःच्या पायांनी चालून दाखवावी, आणि तीही जिंकण्यासाठी चालतोय अशा समजुतीने, याला मी दुसरं नाव शोधतोय आणि मला ते सापडत नाही.

पट्टी यातलं काही बघू शकत नाही, हा तिचा दोष नाही. तिला फक्त मोहरी दिसतात, माणसं दिसत नाहीत. दोष आपला, की आपण पट्टी बघून माणसांना गुण द्यायला लागलो. ऑनलाइन डाव संपला की प्रत्येक खेळीपुढे खूण येते: उत्तम, चूक, घोडचूक. मग शेवटी अचूकतेची टक्केवारी. मी स्वतः ती टक्केवारी स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवतो, तेव्हा यात मी कुणी वेगळा नाही. पण त्या हिशेबाने चोविसावी खेळी 'ठीक' ठरते आणि तिचं उत्तर 'घोडचूक', आणि डावात काय झालं हे सांगून संपलं असं आपल्याला वाटतं. १९९९ मध्ये जे लोक त्या सभागृहात उभे होते त्यांच्यापुढे अशी पट्टी नव्हती. काळ्याने हत्ती घेतला तेव्हा तो चुकला की कास्पारोव्ह चुकला हे त्यांना ठाऊक नव्हतं. राजा ए३ वर आला तेव्हाही नव्हतं. सस्पेन्स हा या डावाचा अलंकार नाही, तो त्याचा कणा आहे, आणि पट्टी चालू ठेवून पाहिलेल्या डावात नेमका तोच नसतो.

आणि तरीही पट्टीशिवाय मला टोपालोव्ह दिसला नसता. हे मान्य करायला हवं. इतकी वर्षं मी डाव कास्पारोव्हच्या बाजूने पाहत होतो, हत्ती देणाऱ्याच्या. पट्टी चोविसाव्या खेळीला हलली नाही म्हणून मी थांबलो, आणि थांबलो म्हणून पहिल्यांदा हत्ती घेणाऱ्याकडे पाहिलं. सी५ वरचं ते प्यादं. त्याने तिरकं पाऊल टाकून हत्ती उचलला तिथे हा डाव दोघांचा झाला. पुढच्या खेळ्यांत टोपालोव्ह राजाला पुढे पुढे नेत राहतो. घाबरलेला माणूस तसं करत नाही.

त्या रात्री मी लाकडी पट काढला, तेविसाव्या खेळीपर्यंतची स्थिती मांडली आणि दुसरी वाट खेळून पाहिली. हत्ती डी४ वर. काळ्याने तो घेतला नाही, राजा बी६ वर. घोडा बी३ वर परतला. उंटाने डी५ चं प्यादं घेतलं. वजिरांची अदलाबदल. पांढऱ्याने हत्ती डी२ वर घेतला, काळ्याने दुसरा हत्ती डी८ वर आणला, पांढऱ्याने आपला दुसरा डी१ वर. सगळं बरोबर, कुणाचंच काही चुकलं नाही, पट्टी असती तर मधोमध थांबली असती. मी थोडा वेळ पटाकडे बघत बसलो. मग वजीर परत जागेवर ठेवले, काळा राजा उचलून ए७ वर मागे नेला, आणि सी५ च्या प्याद्याने हत्ती मारला.